मत वाया गेले म्हणजे नेमके काय गेले?

मतदानाचा दिवस जवळ आला की नांदेड-लातूरकडच्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येते. रात्रीची जेवणे आटोपलेली असतात. आजी ओसरीवर सुपारी कातरत बसलेली असते, वडील वर्तमानपत्रातली उमेदवारांची यादी चाळत असतात. यंदा पहिल्यांदाच मतदार यादीत नाव आलेला मुलगा भलत्याच एका उमेदवाराचे नाव घेतो. त्यावर वडील चटकन म्हणतात, ‘‘तो काय निवडून येणाराय का? कशाला मत वाया घालतोस?’’ आजी अडकित्ता थांबवून विचारते, ‘‘पेटीत पडलेलं मत वाया कसं जातं म्हणते मी?’’

आजीचा प्रश्न भोळा वाटतो, पण त्याचे उत्तर भल्याभल्यांना पटकन देता येत नाही. आपल्याकडे पक्ष उदंड आणि दर निवडणुकीला त्यांत नव्याची भर. अशा गर्दीत हरणाऱ्याला दिलेले मत फुकट गेले असे मानायचे, तर देशातली निम्म्याहून अधिक मते बहुतेक वेळा फुकटच जातात असे म्हणावे लागेल.

आजीच्या तोंडी अजून ‘पेटी’ आहे, तिलाही कारण आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतपत्रिकेवर खूण करायची नाही, ती आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही मत देता यावे, म्हणून केलेली ही सोय होती. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत रुळली आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रे आली. पेटी गेली, शिक्का गेला; चिन्ह मात्र राहिले.

उमेदवारांची गर्दी ही काही आजची गोष्ट नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात १३,९५२ उमेदवार उभे होते. त्यातले ४८० एकट्या नलगोंड्यात आणि ४५६ बेळगावात! बेळगावची गर्दी सीमाप्रश्नासाठी होती. यातल्या कोणालाही आपण खासदार होऊ अशी आशा नव्हती. आपले दुखणे दिल्लीला ऐकू जावे, एवढाच हेतू. त्या वेळी अनामत रक्कम अवघी पाचशे रुपये होती. त्यानंतर ती दहा हजार झाली आणि आता पंचवीस हजार आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. तरीही २०१९ मध्ये आपल्या देगलूर-धर्माबादला लागून असलेल्या निजामाबादेत १८५ उमेदवार रिंगणात उतरले आणि त्यातले पावणेदोनशेहून जास्त शेतकरी होते. हळदीला भाव आणि हळदीसाठी स्वतंत्र मंडळ, ही त्यांची मागणी. शेतकरी सारे पडले, पण विद्यमान खासदारांनाही त्या निवडणुकीत हार पत्करावी लागली. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले, आणि तेही निजामाबादेतच. ते केवळ या उमेदवारांमुळे झाले असे म्हणता येणार नाही. पण त्यांना पडलेली मते वाया गेली, असे तरी कोण म्हणेल?

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. लहान पक्षाला मत म्हणजे वाया, हे इथल्या मतदाराने १९७७ मध्येच खोटे ठरवले होते. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत देशात जनता पक्षाची लाट होती. नांदेडने मात्र शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव धोंडगे यांना निवडले, लातूरने त्याच पक्षाच्या उद्धवराव पाटील यांना आणि शेजारच्या परभणीने शेषराव देशमुख यांना, तेही शेकापचेच. लाट दिल्लीची होती, पण माणूस आणि पक्ष इथल्या मातीतला निवडला गेला. पुढच्या निवडणुकीत दोन्ही जागा काँग्रेसकडे परतल्या.

त्यानंतरही या मतदाराने जाणकारांना अनेकदा चकवले. १९८९ मध्ये नांदेडने जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांना लोकसभेत पाठवले, त्याच वेळी लातूरने शिवराज पाटील चाकूरकर यांनाच कायम ठेवले. २००४ मध्ये दिल्लीत भारतीय जनता पक्षाची सत्ता गेली, पण नांदेड आणि लातूर दोन्ही त्याच पक्षाकडे आले. लातुरात सात वेळा निवडून आलेले चाकूरकर रूपाताई पाटील निलंगेकर यांच्याकडून पराभूत झाले. देशाचे गृहमंत्री मात्र तेच झाले! २०१४ मध्ये काँग्रेसला राज्यात जेमतेम दोन जागा मिळाल्या, नांदेड आणि हिंगोली. हिंगोली मतदारसंघातही किनवट आणि हदगाव हे नांदेड जिल्ह्याचेच भाग आहेत.

मग वडिलांचे म्हणणे अगदीच चूक म्हणायचे का? तसेही नाही. २०१९ चे नांदेड पाहा. भाजपचे प्रतापराव पाटील चिखलीकर यांना ४,८६,८०६ मते पडली, काँग्रेसचे अशोक चव्हाण यांना ४,४६,६५८ आणि वंचित बहुजन आघाडीचे यशपाल भिंगे यांना १,६६,१९६. पहिल्या दोघांतला फरक ४०,१४८ मतांचा. म्हणजे तिसऱ्याची मते त्या फरकाच्या चौपट. तिसरा नसता तर ही मते कोणाकडे गेली असती, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. माणसाचे मत म्हणजे काही वाटणीतले शेत नव्हे, की हा नाही तर तो भाऊ घेईल. पण गणित डोळ्यांआड करता येत नाही. आणि त्याहूनही बोचरी गोष्ट ही की, अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा ओलांडावा लागतो. या तिघांचीच बेरीज अकरा लाखांच्या आसपास जाते, तिचा सहावा भाग १ लाख ८३ हजारांवर. म्हणजे पावणेदोन लाखांच्या घरातली माणसे एका बाजूने उभी राहिली, तरी कायद्याच्या हिशेबी तो उमेदवार अनामतसुद्धा वाचवू शकला नाही. आणि जिंकणाऱ्याच्या बाजूनेही निम्मे मतदार नव्हतेच!

दोष मतदाराचा नाही, मोजण्याच्या रीतीचा आहे. आपल्याकडे निम्म्याहून जास्त मते लागत नाहीत, इतरांपेक्षा एक मत जास्त असले की पुरे. सगळीकडे असे नाही. नेदरलँड्समध्ये संसदेच्या दीडशे जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. तिथे एकूण मतांचा दीडशेवा हिस्सा मिळवणारा पक्षही संसदेत बसतो. जर्मनीत त्यासाठी साधारण पाच टक्के मते लागतात. अशा देशांत लहान पक्षाचे मत सहसा मातीमोल होत नाही, पण सरकार बनवायला मात्र महिनोन्‌महिने वाटाघाटी चालतात. प्रत्येक रीतीची काही किंमत असतेच.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? आपल्याच घरातला पदवीधर मराठवाडा पदवीधर मतदारसंघात मत देतो, तेव्हा उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. त्याचा पहिला उमेदवार मागे पडून बाद झाला, तर त्याचे मत दुसऱ्या पसंतीकडे जाते. म्हणजे ‘मनातल्याला आधी, चालेल त्याला नंतर’ असे सांगायची मुभा घरातल्या मुलाला विधान परिषदेसाठी आहे आणि आजीला लोकसभेसाठी नाही!

असे असूनही हाती आहे तेवढ्या एका मतात केवढे बोलता येते, हे इथल्या लोकांनी दाखवले आहे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये विजयी उमेदवाराच्या खालोखाल मते कोणाला पडली असतील? कोणालाच नाही! ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला २७,५०० मते मिळून ते दुसऱ्या क्रमांकावर आले. या बटणाने कोणी हरत नाही की जिंकत नाही. तरीही एवढी माणसे घरातून निघाली, रांगेत उभी राहिली आणि आम्हाला यातला कोणीच नको, असे सांगून परतली.

आणि २०२४ चा नोव्हेंबर. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे नांदेडची लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबर एकाच दिवशी झाली. एकाच केंद्रावर, एकाच फेरीत मतदाराने दोनदा बटण दाबले. निकाल लागला तेव्हा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या होत्या आणि लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी अवघ्या १,४५७ मतांनी राखली होती. दोन यंत्रांमध्ये चार पावलांचे अंतर, तेवढ्यात हजारो लोकांनी आपला विचार वेगळा केला. दोन-चार गावांनी ‘आपल्या मतानं काय होणार’ म्हणून घरी बसायचे ठरवले असते, तर निकाल फिरला असता.

तेव्हा ओसरीवरच्या त्या भांडणात बापाचेही खरे आहे आणि मुलाचेही. कोण येऊ नये याचा विचार करून मत देणे हे शहाणपण आहे. कोण यावा याचा विचार करून देणे हाही मतदाराचा हक्क आहे. मात्र तो निर्णय ज्याचा त्याने करायचा, घरातल्या मोठ्याने सगळ्यांच्या वतीने नव्हे. पहिल्यांदा मत देणाऱ्या पोराला एवढी मोकळीक घरात मिळाली नाही, तर बाहेर कोणी देणार नाही.

वाया जाते ते न दिलेले मत. आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून, स्वतः विचार न करता दिलेलेही. बाकी सारी मते कुठे ना कुठे मोजली जातात. आजी सुपारीची खांडे सगळ्यांच्या हातावर ठेवते आणि म्हणते, ‘‘मी कुणाला देणार ते इचारू नका. तुमच्या आजोबालाबी कधी सांगितलं नाही.’’