इलेक्ट्रॉनांचा घोळका आणि त्याचाच प्रकाश

 

पोशेऱ्याकडच्या डोंगराळ मुलखातल्या माणसांना एक गोष्ट सांगायला नको. मोटारीचा रस्ता वळसे घेत घाट चढतो, पायवाट मात्र वळण कापून सरळ जाते. म्हणून मागून निघालेला गडीसुद्धा कधी कधी गाडीच्या आधी वर पोचतो. आजची गोष्ट अशाच पायवाटेची आहे. फक्त इथं गडी आहे प्रकाश, आणि वळणाने चालला आहे तो इलेक्ट्रॉनांचा घोळका.

इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचा अतिसूक्ष्म कण. यंत्राच्या साहाय्याने त्याला जवळजवळ प्रकाशाइतका वेग देता येतो. असा धावता कण चुंबकाने वळवला की तो वळताना प्रकाश टाकतो. १९४७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत हा प्रकाश यंत्रातून बाहेर पडताना प्रथम डोळ्यांना दिसला. आपल्या देशात इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ नावाचे सुमारे १७२ मीटर घेराचे कडे आहे. त्यात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश घेऊन शास्त्रज्ञ पदार्थांची आतली घडण तपासतात. तिथे हा प्रकाश म्हणजे हाती आलेले पीकच!

पण दुसऱ्या एका यंत्रात हाच प्रकाश तणासारखा नडतो. ते यंत्र म्हणजे क्ष-किरणांचा लेसर. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे असा लेसर २००९ साली सुरू झाला, तर जर्मनीत हॅम्बुर्गजवळ ३.४ किलोमीटर लांबीचा लेसर २०१७ साली. त्याचा झोत इतका क्षणिक असतो की किरणांनी प्रथिनाचा स्फटिक मोडण्याआधीच त्याची खूण उमटते. प्रथिनाची घडण कळली की औषध शोधणाऱ्याला वाट सापडते. मात्र त्यासाठी इलेक्ट्रॉनांचा घोळका आखूडही हवा आणि बारीकही हवा.

घोळका आखूड कसा करायचा? मागच्यांना जोरात पळवून भागत नाही, कारण सगळेच जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावत असतात. म्हणून युक्ती करतात. मागच्या इलेक्ट्रॉनांना थोडी जास्त शक्ती देतात, आणि सगळा घोळका चार चुंबकांच्या वळणावाटेने नेतात. पहिला चुंबक बाजूला वळवतो, मधले दोन परत फिरवतात, चौथा सरळ वाटेला लावतो. जास्त शक्तीचा इलेक्ट्रॉन कमी वळतो, त्याची वाट जवळची पडते, आणि तो पुढच्याला गाठतो. मिलिमीटरभराचा घोळका केसाच्या जाडीएवढा होतो.

आता अडचण पाहा. वळताना घोळका प्रकाश टाकतो. शेपटाकडून निघालेला प्रकाश पायवाटेने सरळ जातो आणि वळणाने चाललेल्या तोंडाला गाठतो. तोंडाकडच्यांना शक्ती मिळते, मागच्यांची जाते. हे वळणाच्या मध्येच घडल्यामुळे चौथा चुंबक सगळ्यांना एका रेषेत आणू शकत नाही. कोणी थोडा डावीकडे, कोणी उजवीकडे जातो. घोळका आखूड झाला खरा, पण रुंदीने विस्कटला, आणि लेसरचे तेज उणावले.

घोळका जितका आवळावा तितका हा त्रास वाढतो. तारप्याच्या नाचात सगळ्यांचे पाय एकदम पडले की जमीन दणाणते ना, तसेच हे. हजार इलेक्ट्रॉन सुटेसुटे असले तर प्रकाश हजारपट. तेच लाटेच्या लांबीपेक्षा जवळ आले, की एका तालात दहा लाखपट!

उपाय? वळण सौम्य ठेवायचे, घोळक्यात इलेक्ट्रॉन बेताचे घ्यायचे, आणि एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने आवळायचे. स्टॅनफर्डला दोन टप्पे केले, हॅम्बुर्गला तीन. त्रास अगदी नाहीसा होत नाही, आवाक्यात राहतो.

गुरुजी, हे मुलांना अंगणात दाखवता येईल. खुंटीला पाच मीटर दोरी बांधून अर्धे वर्तुळ आखा. एक मुलगा त्या रेषेवरून चालेल, दुसरा तिची दोन टोके जोडणाऱ्या सरळ वाटेने. दोघांची चाल सारखीच ठेवा. पहिल्याला सुमारे १५.७ मीटर पडतील, दुसऱ्याला दहाच. यंत्रातले वळण फार थोडे, म्हणून तिथला फरक केसाएवढाच. पण घोळकाही केसाएवढाच, तेव्हा तेवढा फरक पुरतो!

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेस घाटात पायवाट धराल तेव्हा या प्रकाशाची आठवण करा.