किल्ली लागत नाही तेव्हा

शेकडो सर्व्हर सांभाळणारा माणूस आता प्रत्येकापाशी जाऊन बसत नाही. कोणत्या यंत्रावर काय असावे हे तो साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून ठेवतो. त्या फाइली वाचून सगळीकडे तशी व्यवस्था लावून देण्याचे काम एक वेगळा प्रोग्राम करतो. अशा साधनांपैकी ‘अँसिबल’ मी रोज वापरतो. मायकेल डीहान यांनी ते २०१२ मध्ये लोकांपुढे आणले आणि २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीने ते विकत घेतले. या अंकाच्या वाचकांना खरा रस वाटावा तो त्याच्या नावात. हा शब्द उर्सुला ले ग्विन यांनी १९६६ च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ या कादंबरीत घडवला. ताऱ्याताऱ्यांमधले अंतर न जुमानता तत्क्षणी निरोप पोचवणारे ते एक कल्पित यंत्र. पुढे ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या ‘एंडर्स गेम’मध्ये त्याच यंत्रावरून दूरच्या आरमाराला हुकूम सुटतात. डीहान यांनी नाव उचलले ते या दुसऱ्या कादंबरीतून.

हुकूम पाळायचा तर यंत्राला डेटाबेसचा पासवर्ड लागतो, ईमेल पाठवण्याची परवानगी लागते, दुसऱ्या यंत्रात शिरण्याची किल्ली लागते. म्हणजे त्या साध्या मजकुरात ही सगळी गुपितेही कुठेतरी लिहावी लागतात. तो मजकूर तर ‘गिट’च्या भांडारात असतो, सगळ्या सहकाऱ्यांना दिसतो, आणि गिट काही विसरत नाही. आज खोडलेली ओळ पाच वर्षांनीही जुन्या नोंदीत सापडते. २०१६ मध्ये उबर कंपनीत घुसलेल्यांनी आधी अभियंत्यांचे खासगी कोडभांडार गाठले होते. तिथे मिळालेल्या किल्ल्यांनी त्यांनी ॲमेझॉनच्या सर्व्हरवरची साठवण उघडली, आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. कंपनीने ते मान्य केले नोव्हेंबर २०१७ मध्ये.

यावर अँसिबलचा उपाय म्हणजे ‘व्हॉल्ट’, म्हणजेच तिजोरी. गुपितांची फाइल एका पासवर्डने कूटबद्ध करायची आणि तीच भांडारात ठेवायची. कोणीही बघावी, पण कळू नये. पद्धत उघड आणि किल्ली तेवढी गुप्त, हे तत्त्व ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी गूढलेखनासंबंधी मांडले होते. आपल्याकडे महानुभावांच्या सकळ लिपीचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. तिथे पद्धत हेच गुपित होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांना ती लिपी उलगडली, तेव्हा त्या लिपीतली पोथीन् पोथी एकदम वाचनीय झाली. वाङ्मयाच्या दृष्टीने तो आनंदाचा दिवस. गुपित राखणाऱ्याच्या दृष्टीने मात्र पद्धतीवर भिस्त ठेवली की असे होते.

व्हॉल्टच्या फाइलीत काय असते ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण बिघाड शोधण्याची निम्मी विद्या तिथेच आहे. पहिल्या ओळीत फाइलीची ओळख असते: अँसिबल व्हॉल्ट, आवृत्ती १.१, पद्धत एईएस २५६. त्याखाली ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या ओळी, नुसत्या अंकांनी भरलेल्या. आपण दिलेला पासवर्ड जसाच्या तसा वापरला जात नाही. त्यात ३२ बाइटांचे यादृच्छिक ‘मीठ’ मिसळून तो १०,००० वेळा घुसळला जातो. त्यातून दोन किल्ल्या निघतात, एक मजकूर झाकण्याची आणि दुसरी मोहोर उठवण्याची. उघडताना आधी मोहोर तपासली जाते. ती जुळली नाही तर मजकुराला हातसुद्धा लावला जात नाही.

पासवर्ड चुकला तर मोहोर जुळत नाही, आणि फाइलीतला एक अंक बदलला तरीही जुळत नाही. म्हणून दोन्ही वेळी यंत्र एकच वाक्य बोलते: ‘डिक्रिप्शन फेल्ड’. नवशिके यावर चिडतात. पण यात अँसिबलचा आळस नाही. त्या क्षणी त्याला खरोखरच त्याहून जास्त काही ठाऊक नसते.

मात्र याच्याच जवळपासचा दुसरा एक संदेश आहे आणि लोक दोन्ही एकच समजून वाचतात. ‘उघडायचा प्रयत्न करतो आहे, पण कोणतेही गुपित सापडले नाही’ अशा अर्थाचा तो आहे. म्हणजे किल्ली चुकलेली नाही, ती कोणी दिलेलीच नाही. पासवर्डाच्या फाइलीचा पत्ता चुकलेला असतो, किंवा आज्ञा दुसऱ्याच फोल्डरमधून चालवल्यामुळे तिथली मांडणी वाचली गेलेली नसते. मी प्रथम संदेश अक्षरशः वाचून घेतो, शक्यतो ज्याची अडचण आहे त्याच्याकडूनच, मोठ्याने. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

उरलेल्यांसाठी एक युक्ती. व्हॉल्टमधला मजकूर अंकांत दोनदा गुंडाळलेला असतो. दुसऱ्या गुंडाळणीमुळे गंमत अशी होते की सगळ्या जोड्या ३ किंवा ६ ने सुरू होतात आणि रोमन अक्षर असे फक्त ‘ए’, तेही पुऱ्या मजकुरात नेमके दोनदा. ते मीठ, मोहोर आणि मजकूर यांच्यामधले पडदे. तिसरा ‘ए’ दिसला, किंवा दुसरे कुठलेही अक्षर दिसले, तर पासवर्डाला दोष देऊ नका, फाइलच बिघडली आहे. हे बहुधा दोघांनी एकच फाइल बदलल्यावर घडते. दर खेपेला मीठ नवे असल्यामुळे एका अक्षराच्या बदलानेही सगळे अंक पालटतात. मग गिटने दाखवलेला वाद कोणीतरी हाताने मिटवतो, वरचा भाग एकाचा आणि खालचा दुसऱ्याचा ठेवून. अशी कलमी फाइल जगातल्या कोणत्याच किल्लीने उघडणार नाही. भांडारातून आदल्या दिवसाची प्रत काढावी, हाच उपाय. आणि ती प्रत त्याच पासवर्डने उघडली तर निदानही पक्के झाले.

आणखी एक नमुनेदार बिघाड विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्यांना होतो. पासवर्डाची फाइल ‘चालवण्याजोगी’ अशी खूण असलेली असेल, तर अँसिबल ती वाचत नाही, प्रोग्राम म्हणून चालवते आणि तिचे उत्तर पासवर्ड मानते. ही सोय मुद्दाम केलेली आहे. पण विंडोजच्या डिस्कवरच्या सगळ्याच फाइली लिनक्सला बहुधा चालवण्याजोग्या दिसतात. मग बिचारा पासवर्ड आज्ञा म्हणून चालवून पाहिला जातो आणि भलतीच तक्रार येते.

मला सर्वांत खट्याळ वाटतो तो बिघाड यातल्या कशातच बसत नाही. तिजोरी बिनतक्रार उघडते, तरी डेटाबेस आत घेत नाही. एका कचेरीत यावर दोन दिवस गेले होते. पासवर्ड बरोबर, डोळ्यांना दिसतोय, हाताने टाकला तर चालतोय. मी अक्षरे मोजायला सांगितली. बारा अक्षरांचा पासवर्ड तेरा भरला. कूटबद्ध करताना ज्याने तो टाइप केला होता, त्याने सवयीने शेवटी एंटर दाबले होते, आणि ते एंटरही इमाने इतबारे तिजोरीत गेले होते. किल्लीच्या फाइलीतले शेवटचे एंटर अँसिबल स्वतः झटकून टाकते, गुपितातले मात्र नाही. ते योग्यच आहे म्हणा, गुपितात काय असावे हे ठरवणारे ते कोण!

असा बिघाड शोधताना गुपित पडद्यावर छापून बघण्याचा मोह होतो. छापलेले ते लॉगमध्ये जाते, लॉग दुसऱ्या सर्व्हरवर जातो, आणि बिघाड दुरुस्त झाल्यावर ती ओळ पुसायला कोणी येत नाही. तिजोरीतून गुपिते फुटतात त्यापेक्षा तिजोरी दुरुस्त करताना जास्त फुटतात, असे माझे मत आहे. अक्षरे मोजून छापावीत, अक्षरे छापू नयेत.

आता किल्ली खरोखरच हरवली तर? एका संस्थेत व्यवस्था पाहणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. त्यांनी फोनवर सौजन्याने जो पासवर्ड सांगितला तो लागेना. नोंदी पाहिल्यावर कळले की त्यांनीच जाण्याआधी काही महिने किल्ली बदलली होती. नवी त्यांना आठवत नव्हती. खोटे बोलत होते असे मला मुळीच वाटले नाही. व्यवस्थापकांनी विचारले, ‘‘तुम्ही फोडू शकाल ना?’’ पासवर्ड घरच्या कुत्र्याचे नाव असता तर कदाचित. तो लांब आणि यादृच्छिक होता, तेव्हा उत्तर नाही. मागचे दार नाही, हाच तर तिजोरीचा गुण.

पण आतले प्रत्येक गुपित हा दुसऱ्या कोणत्यातरी यंत्राशी झालेला करार असतो. डेटाबेसचा पासवर्ड गेला तरी डेटाबेस आपल्याच ताब्यात असतो, तिथे नवा ठरवता येतो. झाकलेल्या फाइलीत नावे दिसत नव्हती, तरी बाकीच्या उघड्या फाइलींत ती वापरलेली होतीच. त्यांवरून आम्ही यादी केली. एकेका यंत्रावर नवा पासवर्ड ठरवला, नव्या तिजोरीत टाकला, सेवा पुन्हा सुरू केली. आठवडा लागला. फक्त एका ठिकाणी अडलो. जुन्या बॅकअपवरचे कूटबद्धीकरण याच तिजोरीतल्या किल्लीने केलेले होते. तिथे नवा करार करायला समोर कोणी यंत्र नव्हते, नुसता साठा होता. ते बॅकअप गेले ते गेले.

तेव्हापासून मी दोन जातींची गुपिते निरनिराळी ठेवायला सांगतो. पासवर्ड बदलता येतात, म्हणून तिजोरी पुरे. ज्यांनी मजकूर झाकला आहे अशा किल्ल्या मात्र कागदावर छापून, पाकिटात घालून, जोडावर दोघांच्या सह्या करून लोखंडी कपाटात. पाकीट वर्षातून एकदा फोडायचे, त्या किल्लीने एक बॅकअप खरोखर उघडून बघायचा आणि नवे पाकीट करायचे. त्या संस्थेत हे काम आता हिशेब विभागातल्या बाई करतात. त्यांना अँसिबल ठाऊक नाही, पण तारीख चुकत नाही.