कडक थंडी सोसणारे झुडपी गुलाब : निवड कशी करावी?

आपल्या गावोगावची अनेक मुले-मुली शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांत स्थायिक झाली आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे जाऊन राहणाऱ्या आईवडिलांच्या ताब्यात घरामागची बाग आपोआपच येते आणि ज्याने आयुष्यभर शेती केली त्याला तेथे चार गुलाब लावावेसे वाटणे साहजिक आहे. मे महिन्यात दुकानातून टपोऱ्या कळीचे हायब्रीड टी गुलाबाचे रोप आणले जाते. ते सप्टेंबरअखेरपर्यंत उत्तम फुलते. पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर मात्र त्या जागी काळ्या पडलेल्या चार काड्या उरलेल्या असतात. मग पुन्हा नवे रोप, पुन्हा तोच खर्च. असे दोन-तीनदा झाले की 'इकडे गुलाब होतच नाही' असे समजून लोक नाद सोडतात. वस्तुतः विनिपेगसारख्या शहरात, जेथे हिवाळ्यात उणे ३० अंश सेल्सिअसखाली पारा जाणे नवलाचे नाही, तेथेही कोणतेही आच्छादन न घालता वर्षानुवर्षे फुलणारे गुलाब आहेत. दोष लावणाऱ्याच्या हाताचा नसून जातीच्या निवडीचा असतो. म्हणून ही निवड कशी करावी ते या लेखात पाहू.

थंडीने गुलाब का मरतो?

आपल्याकडे निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रात बातमी येते. त्या थंडीत गुलाब मरत नाही, उलट फुलाला रंग चांगला येतो. येथे आपण बोलतो आहोत ती थंडी शून्याच्या खाली तीस-पस्तीस अंशांची.

हायब्रीड टी वर्गाची सुरुवात १८६७ सालच्या 'ला फ्रान्स' या जातीपासून मानली जाते. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण या वर्गात आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून युरोपात गेलेल्या गुलाबांकडून. ते उबदार प्रदेशातील गुलाब. त्यांना सक्तीची विश्रांती घेण्याची सवयच नाही. हवामान अनुकूल असेपर्यंत ते नवीन फूट काढीत राहतात. पुणे, नाशिक, सांगली भागात हाच गुण आपल्याला पैसे मिळवून देतो. कडक हिवाळ्याच्या देशात मात्र तोच गुण झाडाच्या मुळावर येतो.

काटक झाडाचे वागणे निराळे असते. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार पडू लागल्या की ते वाढ थांबवते, काडीत साखर साठवते, पेशींतील पाणी कमी करते. द्राक्ष बागायतदारांना 'काडी पक्व होणे' म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. हा प्रकार बराचसा तसाच आहे. पक्व काडीत बर्फ तयार होतो तो पेशींच्या बाहेरच्या पोकळीत, आणि पेशी थोडे पाणी गमावूनही जिवंत राहते. कोवळ्या, पाणीदार काडीत बर्फ पेशीच्या आतच तयार होतो व पेशी फुटते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नुसत्या कमी तापमानापेक्षा मार्च-एप्रिलमधील गोठणे-वितळणे आणि कोरडा वारा यांनी अधिक झाडे जातात. जमीन गोठलेली असल्याने मुळांना पाणी मिळत नाही आणि वारा काडीतील ओल ओढून घेतो. म्हणून ज्या वर्षी बर्फ भरपूर पडतो त्या वर्षी गुलाब चांगले वाचतात. बर्फाचा थर हे गोधडीसारखे पांघरूण असते. हे ऐकायला उलटे वाटते, पण तेथील माळ्यांना ते चांगले माहीत आहे.

आधी पट्टा, मग जात

अमेरिकेच्या कृषी खात्याने हिवाळ्यातील सर्वांत कमी तापमानाच्या सरासरीवरून देशाचे क्रमांकित पट्टे पाडले आहेत. हा नकाशा प्रथम १९६० साली निघाला व त्याची अलीकडची आवृत्ती २०२३ ची आहे. पट्टा ३ म्हणजे उणे ४० ते उणे ३४ अंश, पट्टा ४ म्हणजे उणे ३४ ते उणे २९, पट्टा ५ म्हणजे उणे २९ ते उणे २३ अंश. आकडा जितका लहान तितकी थंडी अधिक. कॅनडाचा स्वतःचा वेगळा नकाशा आहे. त्यात तापमानाबरोबर पाऊस, बर्फ, वारा व थंडीविरहित दिवस यांचाही हिशेब धरला जातो. म्हणून दोन्ही नकाशांतील आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. रोपाच्या चिठ्ठीवरील आकडा कोणत्या नकाशाचा आहे ते विचारून घ्यावे.

मुलांच्या घराचा पट्टा पाच असेल तर पाचची जात न घेता चारची घ्यावी, असे आमचे मत आहे. दहा वर्षांतून एखादा हिवाळा सरासरी मोडणारा येतोच. कुंडीत लावायचे असेल तर आणखी एक पट्टा खाली उतरावे, कारण कुंडीतील मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही.

कोणते गुलाब निवडावेत?

पहिला मान रुगोझा वर्गाचा. जपान, कोरिया, ईशान्य चीन व रशियाच्या पूर्व टोकाचा समुद्रकिनारा हे त्याचे मूळ स्थान. पाने जाड व सुरकुतलेली, काटे दाट, फुले सुवासिक, आणि शरद ऋतूत मोठी लाल फळे. 'हान्सा' ही १९०५ ची जांभळट लाल जात आणि 'ब्लांक डबल द कुबेर' ही १८९२ ची पांढरी जात आजही मिळते. रुगोझावर काळे ठिपके सहसा येत नाहीत. वाळूची व थोडी खारट जमीनही तो चालवून घेतो. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, तेव्हा रस्त्याकडेच्या कुंपणाला याच्याइतका सोयीचा गुलाब नाही. दोन पथ्ये मात्र पाळावीत. याच्या पानांवर औषधे फवारू नयेत, पाने करपतात. तसेच चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने पाने पिवळी पडतात. एक सूचनाही द्यायला हवी. डेन्मार्क व जर्मनीच्या किनाऱ्यावर हा गुलाब तणासारखा पसरला आहे. घर समुद्राजवळ असेल तर लावण्यापूर्वी स्थानिक नियम पाहावेत.

याच घराण्यातील 'तेरेझ ब्युन्ये' या जातीचा इतिहास आपल्या वाचकांना आवडेल. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात जॉर्ज ब्युन्ये नावाचा, फ्रान्समधून येऊन शेती करणारा एक कादंबरीकार होता. रुगोझा आणि त्या भागातील रानगुलाब यांचा संकर करून त्याने ही गुलाबी जात काढली. ती १९५० मध्ये प्रसारित झाली. तिच्या तांबड्या काड्या बर्फात उठून दिसतात, आणि ती अतिशय थंड भागातही टिकते.

दुसरा वर्ग 'एक्सप्लोरर' गुलाबांचा. ओटावा येथील केंद्रीय प्रायोगिक प्रक्षेत्रावर डॉ. फेलिसितास स्वेज्दा यांनी १९६१ पासून हे काम हाती घेतले. पद्धत साधी पण कठोर होती. रोपे उघड्यावर ठेवायची, हिवाळ्यात आच्छादन नाही, आणि वसंतात जी उभी राहतील त्यांतूनच पुढची निवड. शिवाय जात छाट कलमापासून सहज मुळ्या धरणारी असली पाहिजे, ही अटही होती. तिचे महत्त्व पुढे येईल.

या कामात एका जर्मन रोपाची मोठी मदत झाली. 'मॅक्स ग्राफ' हा रुगोझाचा संकर जवळजवळ वांझ असे. विल्हेल्म कोर्देस यांच्याकडे त्याला अपघाताने बी धरले आणि त्यातून निघालेल्या रोपात गुणसूत्रांची संख्या १४ वरून २८, म्हणजे दुप्पट झालेली आढळली. त्यामुळे बागेतील इतर गुलाबांशी त्याचा संकर शक्य झाला. या 'कोर्देसी' गुलाबाच्या वंशातून 'जॉन कॅबट' (१९७८), 'विल्यम बॅफिन' (१९८३), 'हेन्री केल्सी' (१९८४) व 'जॉन डेव्हिस' (१९८६) या जाती निघाल्या. नावे कॅनडाच्या शोधप्रवाशांची आहेत. भिंतीवर किंवा मांडवावर चढवायचा असेल तर 'विल्यम बॅफिन' घ्यावा. तो अडीच-तीन मीटर वाढतो आणि थंडीला दाद देत नाही. फूल गडद गुलाबी, पण सुवास जवळजवळ नाही. सुवासासाठी रुगोझाकडेच वळावे लागते.

तिसरा वर्ग मॅनिटोबातील मॉर्डन संशोधन केंद्राच्या 'पार्कलँड' गुलाबांचा. 'अ‍ॅडलेड हूडलेस' (१९७३), 'मॉर्डन सेंटेनियल' (१९८०), 'मॉर्डन ब्लश' (१९८८) ही त्यांची नावे. हे बुटके असतात व हिवाळ्यात बर्फाच्या थरापर्यंत वाळतात, पण वसंतात खालून फुटून नव्या काडीवरच फुलतात. म्हणजे वरचा भाग मेला तरी त्या वर्षीचा बहर बुडत नाही. या जुन्या जातींवर काळे ठिपके मात्र येतात. ऑगस्टमध्ये पाने गळाली तर काडी पक्व होत नाही आणि रोगाने सुरू केलेले काम थंडी पुरे करते. काटकपणा आणि रोगप्रतिकार या दोन गोष्टी वेगळ्या धरू नयेत.

आयोवा स्टेट विद्यापीठातील डॉ. ग्रिफिथ बक यांचे 'केअरफ्री ब्युटी' (१९७७) पट्टा ४-५ साठी चांगले. सन २००० मध्ये आलेला 'नॉक आउट' दुकानांत सर्वत्र दिसतो. तो पट्टा ५ पासून पुढे ठीक, त्याखाली त्याचा भरवसा धरू नये. अमेरिकेत कोळीवर्गीय सूक्ष्म किडीमुळे पसरणारा 'रोझ रोझेट' हा विषाणू रोग आहे. त्यात फुटी लाल, झाडूसारख्या गुच्छ होतात. त्यावर उपाय नाही, झाड मुळासकट काढावे लागते. कॅनडात आता व्हाइनलँड येथील संशोधन केंद्र या कामात आहे; त्यांची 'कॅनेडियन शील्ड' ही लाल जात २०१७ मध्ये बाजारात आली.

पिवळा रंग हवा असेल तर निवड थोडी. 'मॉर्डन सनराईज' (१९९९) हा त्यातल्या त्यात बरा.

स्वतःच्या मुळावरचे रोप घ्या

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. आपण खुंटावर डोळा भरतो आणि जोड जमिनीच्या वर ठेवतो. खुंटाची फूट आली तर काढून टाकतो. कडक थंडीत जमिनीवरचा तो जोडच आधी मरतो. खुंट मात्र जमिनीत जिवंत राहतो आणि वसंतात जोमाने फुटतो. मालकाला वाटते, गुलाब वाचला! तो वर्षभर पाणी-खत घालतो आणि मग कधी बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात, कधी गडद लाल फुले वर्षातून एकदाच येतात. पहिला असतो मल्टिफ्लोरा, दुसरा 'डॉक्टर ह्यूई'. गुलाबाने रंग बदलला, असे सांगणारे लोक भेटतात, त्यांचे हेच झालेले असते.

छाट कलमाचे, म्हणजे स्वतःच्या मुळावर वाढवलेले रोप जमिनीपर्यंत मेले तरी खालून येणारी फूट त्याच जातीची असते. रोपवाटिकेत पहिला प्रश्न हाच विचारावा. डोळा भरलेलेच रोप मिळाले तर जोड जमिनीखाली १० ते १५ सें.मी. जाईल असे लावावे. आपल्या हाताला हे चुकीचे वाटेल, पण तेथे तेच बरोबर. काही वर्षांत डोळ्यावरच्या काडीला स्वतःच्या मुळ्या फुटतात.

लागवड व देखभाल

अति थंड भागात लागवड शरदात न करता वसंतात, जमीन कामाला आल्यावर करावी. जागा दिवसाला किमान सहा तास उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी असावी. ओल्या जमिनीतील गोठणे मुळांना बाधते. जुलैअखेर नत्रखत बंद करावे. सप्टेंबरपासून फुले तोडणे थांबवावे व फळे धरू द्यावीत, म्हणजे झाड वाढ आवरते. जमीन गोठण्यापूर्वी एक भरपूर पाणी द्यावे. हिवाळ्यात ससे बर्फावर चढून काड्यांची साल खातात, म्हणून तरुण झाडाभोवती जाळी लावावी.

छाटणीची घाई करू नये. आपल्या ऑक्टोबर छाटणीचा हिशेब तेथे चालत नाही. डोळे फुगू लागल्यावरच काडी कापून गर पाहावा. पांढरा किंवा हिरवट गर जिवंत, तपकिरी गर मेलेला. जिवंत गर लागेपर्यंत खाली कापत यावे. काहीच हिरवे दिसले नाही तरी जून मध्यापर्यंत झाड उपटू नये.

ही झाडे पाहून येताना दोन फाटे पिशवीत घालून आणण्याचा मोह होतो. तसे करू नये. आयात परवाना व रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय रोपे, फाटे भारतात आणण्यास २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने मनाई आहे. शिवाय रुगोझाला थंडीची विश्रांती लागते. आपला एप्रिल-मे त्याला मानवत नाही. आपल्या हवामानासाठीचे काम वेगळे आहे. कोडाईकनाल येथील एम. एस. विराराघवन यांनी मणिपूरच्या डोंगरांतील 'जायगांटिया' व पाणथळ जागी वाढणारा 'क्लिनोफायला' हे भारतीय रानगुलाब वापरून उष्ण हवेत टिकणाऱ्या जाती काढल्या आहेत. त्यांचा विचार स्वतंत्र लेखात करावा लागेल.