रंग दिसला, म्हणून कारण कळलं का?

मंडळी, ‘डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे’ हे न्यायदर्शनातलं अनुमान आपल्या ओळखीचं आहे. आज तेच आपण प्रयोगशाळेत पाहू.

प्लॅनेरिया हा गोड्या पाण्यातला चपटा कृमी. त्याचे तुकडे केले, तर तुकड्यांतून पुन्हा अख्खे प्राणी वाढतात. त्या वेळी कोणतं जनुक कुठं जागं आहे, हे कसं ओळखायचं? जागं जनुक आरएनएच्या रूपात आपली नक्कल काढतं. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिला जुळणारा, उलट क्रमाचा आरएनएचा तुकडा तयार करून त्याला खूण लावतात. कृमीवरचा चिकट द्राव काढतात, फॉर्मल्डिहाइडनं पेशी जागच्या जागी स्थिर करतात, हायड्रोजन पेरॉक्साइडनं त्याचा मूळचा रंग घालवतात. मग खुणेचा तुकडा आत जाऊन नकलेला चिकटतो. खूण ओळखणारं प्रतिपिंड सोबत एक विकर आणतं आणि तिथं जांभळट निळा रंग साचतो. या पद्धतीला ‘इन सीटू हायब्रिडायझेशन’ म्हणतात.

म्हणजे आपण जनुकाचं काम पाहत नाही, धूर पाहतो. म्हणून दुसऱ्या कृमीत मुद्दाम न जुळणारा तुकडा सोडतात. तिथंही रंग आला, तर पहिल्या रंगावर विसंबता येत नाही. ‘अग्नी नाही तिथं धूर नाही, जसा तलाव’, ही आपली व्यतिरेकाची परीक्षाच की!

पण रंग खरा निघाला तरी तो ‘कुठं’ एवढंच सांगतो. २००५ साली पीटर रेडियन आणि सहकाऱ्यांनी प्लॅनेरियाच्या मूळपेशींत स्मेडवी-१ आणि स्मेडवी-२ ही दोन्ही जनुकं जागी असल्याचं दाखवलं. स्मेडवी-२ गप्प केलं, तर नवं अंग वाढेना. स्मेडवी-१ गप्प केलं, तर ठळक बिघाड झाला नाही. रंग दोघांचा, परिणाम एकाचा.

आपल्या पुण्याचं उदाहरण घ्या. हायड्राही कापला तरी पुन्हा वाढतो. आघारकर संशोधन संस्थेतल्या सुरेंद्र घासकडबी यांच्या गटानं जपानी सहकाऱ्यांसोबत हायड्रातलं नॉगिनसारखं जनुक शोधलं. २०१० च्या निबंधात ते नुसतं ओळखून थांबले नाहीत. त्याचा आरएनए झेनोपस बेडकाच्या भ्रूणात सोडला. भ्रूणात शरीराचा दुसरा अक्ष उभा राहिला. इथं करून पाहिलं, म्हणून ‘यामुळं’ म्हणता आलं.

नांदेड-लातूरची आपली पोरं नीटसाठी ‘अमुक जनुकामुळं तमुक होतं’ असं पाठ करतात. करू द्या. पण एवढं विचारायलाही आपण शिकवू या: हे नुसतं दिसलं, की करून पाहिलं?