गळ्यातली गाठ आणि दोन मिलिमीटर

बोईसर-तारापूरकडे थायरॉइडच्या कॅन्सरचं नाव निघालं की बोलणं अणुभट्टीकडे वळायला वेळ लागत नाही. भीती अगदीच निराधार नाही; चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर तिथल्या मुलांमध्ये हा कॅन्सर वाढला होता. पण त्या भीतीपोटी कुणी गळ्याची सोनोग्राफीच टाळू नये. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, नुसत्या ध्वनिलहरी. उलट, ज्या अणुऊर्जा खात्याने १९६९ मध्ये तारापूरला वीजनिर्मिती सुरू केली, त्याच खात्याचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून किरणोत्सारी पदार्थ उपचारासाठी वापरतं.

'केमो चालू आहे' असं आपण कॅन्सरच्या कुठल्याही पेशंटबद्दल म्हणतो. थायरॉइडच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये मात्र खरी केमो क्वचितच लागते. आधी ऑपरेशन, गरजेप्रमाणे रेडिओआयोडिन, मग थायरॉक्सिनची गोळी. आयोडिन लागू पडेनासं झालं तर लेनव्हॅटिनिब, सोराफेनिबसारख्या गोळ्या. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं मुख्यतः अॅनाप्लास्टिक या दुर्मीळ आणि अतिशय आक्रमक प्रकारात.

उपचार लागू पडतोय का, हे पाहायला सोनोग्राफी सोयीची. सीटी स्कॅनच्या डायमध्ये आयोडिन असतं. ते शरीरात गेलं की रेडिओआयोडिन काही आठवडे लांबवावं लागतं. सोनोग्राफीत ती अडचण नाही.

अडचण आहे मोजमापाची. गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्के घटली तर औषधाला अंशतः प्रतिसाद, २० टक्के वाढली तर आजार वाढला, असा सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय निकष. २० मिलिमीटरची गोल गाठ १४ वर आली की व्यास ३० टक्केच घटतो, पण आकारमान जेमतेम एक-तृतीयांश उरतं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात सोनोग्राफीचा प्रोब जरा तिरका धरला, थोडा जास्त दाबला, तरी १० मिलिमीटरच्या गाठीत दोनाचा फरक पडू शकतो. म्हणजे तेच २० टक्के! म्हणूनच हा निकष लावताना सोनोग्राफीच्या आकड्यांऐवजी सीटीचे आकडे धरतात. शिवाय श्वासनलिकेमागचं, छातीच्या हाडामागचं आणि फुप्फुसातलं सोनोग्राफीला नीट दिसत नाही.

तरी चांगला रेडिओलॉजिस्ट नुसती लांबी-रुंदी पाहत नाही. गाठीतला रक्तपुरवठा कमी झाला का, चुन्याचे कण आहेत का, आत पाणी झालंय का, हेही तो नोंदवतो. गाठ तेवढीच राहून आतल्या पेशी मेलेल्या असू शकतात. परतणाऱ्या लहरींवरून हे ओळखण्याचे प्रयोग टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात झाले, पण मुख्यतः स्तनांच्या कॅन्सरवर.

तेव्हा उपचारासाठी डहाणू लोकलने मुंबई गाठणाऱ्यांनी एवढं करावं: सोनोग्राफी शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच डॉक्टरांकडे करावी. गाठीची तिन्ही मापं आणि मानेतली नेमकी जागा रिपोर्टात लिहून घ्यावी. जुन्या फिल्म सोबत न्याव्यात. नुसता रिपोर्टाचा कागद पुरत नाही. नेहमीच्या प्रकारात थायरॉइड काढलेली असेल, तर रक्तातल्या थायरोग्लोब्युलिनचा आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडीचा रिपोर्टही त्याच पिशवीत असू द्यावा.