भट्टीचा धूर, आम्लाचा पाऊस आणि कारागिराची रोजी

आग्र्यातील लोखंडाच्या फौंड्र्या आणि फिरोझाबादच्या काचेच्या भट्ट्या यांवर हजारो कुटुंबांची रोजी चालत आली आहे. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आग्र्यातील २९२ कारखान्यांना बजावले की, कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरा, नाहीतर ताजमहालाच्या परिसराबाहेर जा. त्यासाठी मुदत होती १९९७ अखेरपर्यंत. हा हुकूम का निघाला, हे भट्टीवर पोट असणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे.

कोळसा आणि भट्टीचे तेल यांत गंधक असते. ते जळाले की सल्फर डायॉक्साइड वायू बनतो. वाहनांच्या व भट्ट्यांच्या धुरातून नायट्रोजनचे ऑक्साइडही बाहेर पडतात. हवेतील बाष्पाशी मिळून यांचेच गंधकाम्ल व नत्राम्ल तयार होते आणि ते पावसाबरोबर खाली येते. स्वच्छ पावसाचे पाणीही किंचित आम्ल असते. त्याचा पीएच सुमारे ५.६ असतो. पीएच त्याखाली गेला की त्याला आम्लाचा पाऊस म्हणतात. पीएच एका अंकाने उतरला, की आम्लता दहापट वाढते!

उत्तर भारतात हवेतील चुनखडीयुक्त धूळ पावसातील बरेच आम्ल मारते. पण नुकसानीला पाऊसच लागतो असे नाही. दव आणि दमट हवा पुरेशी असते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. गंधकाम्लाने त्याचा जिप्सम होतो आणि पृष्ठभाग भुसभुशीत होऊन झडतो. हेच आम्ल जस्ताचा पत्रा, लोखंड आणि चुन्याच्या भिंतीही खाते. म्हणजे कारखानदाराचे स्वतःचे छप्पर व गोदामातील मालही त्यातून सुटत नाही.

आता व्यवहाराची गोष्ट. वकील एम. सी. मेहता यांनी याचिका केली १९८४ साली आणि निकाल लागला बारा वर्षांनी. न्यायालयाने स्थलांतर करणाऱ्या कारखान्यांतील कामगारांची नोकरी अखंड धरण्यास आणि मधल्या काळाचा पूर्ण पगार देण्यास सांगितले. तरीही नवी जागा, नवी भट्टी आणि वायूची जोडणी यांचा खर्च लहान कारखानदाराला जड गेला. ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौ. कि.मी.च्या संरक्षित पट्ट्यात फिरोझाबादही येते. तेथील काचेच्या भट्ट्या नैसर्गिक वायूवर आल्या आणि बांगड्यांचा धंदा टिकला.

ही वेळ आपल्याकडेही आली आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. तेथे प्रश्न आम्लाचा नव्हे, धुरातील बारीक कणांचा होता, पण बोट ठेवले गेले ते इंधनावरच.

म्हणून भट्टीवाल्यांनी नोटिशीची वाट पाहू नये. वायूची जोडणी, भट्टी बदलण्याचा खर्च आणि कर्जाची सोय यांची चौकशी आजच करावी. चार-पाच लहान कारखानदारांनी मिळून ती केल्यास अधिक सोयीचे. मुदत संपत आली की भाव ठरविणे आपल्या हाती राहत नाही.