मुद्दल आणि व्याज

पेढीवर ठेवलेल्या रकमेचें केवळ व्याज खर्चून जो संसार चालवितो, त्याच्या घरीं पुढच्या वर्षींहि तितकेंच व्याज येतें. मुद्दलास हात घातला, म्हणजे कांहीं दिवस ताट अधिक भरलेलें दिसतें आणि मग तें रिकामें होतें. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनीं १९३९ सालच्या आपल्या ग्रंथांत उत्पन्नाची व्याख्या हेंच तत्त्व धरून केली. आठवडाभर खर्च करूनहि मनुष्य अखेरीस आरंभाइतकाच संपन्न राहील, असा जो जास्तींत जास्त खर्च, तेंच त्याचें उत्पन्न. शाश्वत व्यापार, शाश्वत अर्थकारण असे जे शब्द सांप्रत कानांवर येतात, त्यांचें बीज या एका विचारांत आहे.

मुद्दल कोणतें आणि व्याज कोणतें, याचा विसर पडल्यास काय घडतें, तें कॅनडाच्या पूर्वेस असलेल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या इतिहासावरून दिसतें. तेथील समुद्रांत कॉड नांवाचा मासा विपुल असे. जवळजवळ पांच शतकें युरोपांतील कोळी आणि पुढें बेटावर वसलेलीं कोळ्यांचीं कुटुंबें त्यावर पोट भरीत. दरसाल कांहीं मासे धरले जात. उरलेले अंडीं घालीत आणि भरपाई होई. दुसऱ्या महायुद्धानंतर मासे बोटीवरच गोठवून ठेवणाऱ्या प्रचंड ट्रॉलर बोटी तेथें येऊं लागल्या. १९६८ सालीं त्या टापूंत ८ लक्ष टनांहून अधिक कॉड धरला गेला. १९७७ सालीं कॅनडानें किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत आपला अधिकार प्रस्थापित केला. परंतु परक्या बोटींची जागा स्वदेशी बोटींनीं घेतली. शेवटीं २ जुलै १९९२ रोजीं सरकारला ही मासेमारी बंद करावी लागली. सुमारें ३०,००० माणसांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांपुरती राहील, अशी अपेक्षा होती. ती उठल्याचें जाहीर होण्यास २०२४ साल उजाडावें लागलें.

या अनर्थास कोणा एकाची दुष्ट बुद्धि कारण नव्हती. दोष हिशेबाच्या पद्धतींत होता. विकलेल्या प्रत्येक माशाची किंमत मालकाच्या वहींत जमेस पडे व राष्ट्रीय उत्पन्नांतहि मिळविली जाई. समुद्रांतील साठा तेवढ्यानें घटला, ही वजाबाकी मात्र कोणत्याच वहींत होत नसे. यंत्राची झीज दरसाल घसारा म्हणून वजा करतात. निसर्गाचा घसारा न धरतां काढलेला नफा हा अंशतः मुद्दलच असतो.

दुसरा दोष बाह्य खर्चाचा. बोटीस मिळालेला मासा तिचा एकटीचा, पण साठा घटल्याचें नुकसान किनाऱ्यावरील सर्वांचें. ज्या खर्चाचा भार करणाऱ्यावर न पडतां तिऱ्हाइतावर पडतो, त्यास बाह्य खर्च म्हणतात. असा भार कर बसवून कर्त्याच्याच वहींत आणावा, हा उपाय ए. सी. पिगू यांनीं १९२० सालीं मांडला. कर्बवायूवर कित्येक देशांनीं बसविलेला कर याच विचारांतून निघाला आहे.

तिसरा प्रश्न व्याजाच्या दराचा. कॅनडांतील गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनीं १९७३ सालीं एक अप्रिय सत्य गणितानें दाखविलें. समजा, माशांचा साठा दरसाल शेंकडा ५ या मानानें वाढतो आणि पेढी शेंकडा १० व्याज देते. अशा वेळीं केवळ पैसा पाहणाऱ्या मालकास सर्व साठा आजच विकून रक्कम पेढीवर ठेवणें किफायतशीर ठरूं शकतें. पुढील काळांतील रुपयाची किंमत आज किती धरावी, हा प्रश्न वरून गणिताचा दिसतो. वस्तुतः तो पुढील पिढीच्या हक्काचा प्रश्न आहे.

चौथी गोष्ट नियमांची. जें सर्वांचें, तें कोणाचेंच नव्हे, असा समज आहे. २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीं स्वित्झर्लंडमधील कुरणें, जपानमधील सामायिक रानें आणि स्पेनमधील पाट यांचा अभ्यास करून तो खोडून काढला. ज्यांचें पोट त्या धनावर अवलंबून आहे, त्यांनींच नियम केले आणि त्यांनींच देखरेख ठेवली, तर सामायिक धन शतकानुशतकें टिकतें. खानदेश-बागलाण भागांतील फडपद्धतींत पाटकरी शेतकऱ्यांना पाण्याची पाळी ठरवून देई, तीहि याच जातीची व्यवस्था होय. न्यूफाउंडलंडमध्यें याच्या उलट घडलें. मासा घटत चालला आहे, असें किनाऱ्यालगतचे लहान कोळी सांगत होते. परंतु सरकारी अंदाजांत मोठ्या बोटींच्या भरलेल्या जाळ्यांस अधिक वजन मिळालें.

म्हणून एखाद्या कंपनीनें आपला व्यवहार शाश्वत असल्याचें जाहीर केलें, तर श्रोत्यांनीं नफ्याच्या आकड्यापाशीं थांबूं नये. हा नफा काढल्यानंतर पाणी, माती, रान आणि कामकऱ्याचें आरोग्य आरंभीं होतें तसेंच उरलें आहे काय, हें विचारावें. तो प्रश्न वेळेवर ऐकला न गेल्यामुळें हजारों माणसांना तें बेट सोडून अन्यत्र पोट शोधावें लागलें. पेढीवरील मुद्दल मोडल्यास काटकसरीनें पुन्हां जमवितां येतें. समुद्रांतील मुद्दल ३२ वर्षांच्या काटकसरीनंतरहि पूर्वीइतकें भरलें नाहीं.